उसण उतरवणारी

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं सोडून माझे पाय आधी आले. आई त्या दिवशी मरता मरता वाचली, आणि पुढं जन्मभर माझ्यावर चिडली की म्हणायची, "उलटीच आलीस, सरळ कशी वागशील?" तिचं काही चुकलं नाही. माझी जीभ फटकळ, डोकं तापट, आणि एकदा एखादी गोष्ट मनात बसली की ती काढणं देवालासुद्धा जमत नाही. हे सगळं मी नातीला सांगते आहे आणि ती लिहून घेते आहे. माझी भाषा ती जरा नीटनेटकी करते. करू दे बापडी. बाकी मात्र मी तिला काही बदलू देणार नाही.

पायाळू माणसाला आमच्याकडं मान असतो. पारनेरकडच्या आमच्या गावात मी परकरात होते तेव्हापासून मोठीमोठी माणसं माझ्यापुढं पालथी पडायची. पुढं लग्न झालं आणि मी राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या चाळीत आले. नवरा तिथं गोदामात हमाल. महिन्याभरात सगळ्या चाळीला कळलं की नवी सून पायाळू आहे, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर सकाळी माणसं यायला लागली.

उसण म्हणजे काय, ते ज्याला भरली त्यालाच ठाऊक. वाकला, उचललं, वळला, आणि पाठीत अशी चमक निघते की श्वास आतल्या आत अडकतो. शिंक आली तरी गडीमाणूस रडतो. त्यावर इलाज एकच. सकाळी अनशापोटी पायाळूच्या दारात जायचं, पालथं पडायचं आणि पायाळूनं डावा पाय मानेखालून कमरेपर्यंत तीनदा फिरवायचा. नियमही एकच, पण कडक. तेवढा वेळ कुणी तोंड उघडायचं नाही. पायाळूनं कुठं दुखतं म्हणून विचारायचं नाही, आलेल्यानं सांगायचं नाही. बोललं की गुण गेला. माझ्यासारखीला गप्प राहणं म्हणजे शिक्षाच. हमालांच्या टोळीतली माणसं हसायची, "वहिनी गप बसल्याली बघायची आसंल तर उसण भरून घ्या रं!"

त्यांचं काम मी पाहिलं होतं, म्हणून सांगते. एकेक पोतं क्विंटलचं. दोघांनी ते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर लावायचं, आणि त्यानं ते घेऊन लाकडी फळीवरून चढत जाऊन रचलेल्या पोत्यांच्या थप्पीवर टाकायचं. थप्पी वाढेल तशी फळी उभी होत जाते. सकाळी पहिल्या पोत्याला ती ओट्याच्या पायरीएवढी सोपी असते आणि दुपारी चारला छपरापाशी गेलेली असते. म्हणजे अंगातली ताकद कमी कमी होत जाते आणि चढ मात्र वाढत जातो. ज्यानं कुणी हे काम काढलं त्याच्या पाठीवर एक दिवस पोतं द्यायला हवं होतं.

टोळीतले बहुतेक चाळिशी ओलांडलेले. त्यांची पाठ मी तळपायानं ओळखायची. तोंड दिसायची गरज नव्हती. मानेखाली पोतं टेकून टेकून जाड झालेली कातडी, एका बाजूला झुकलेला मणका, कमरेत कुणाच्या खळगा तर कुणाच्या गाठ. सकाळी चाळ उठायची तेव्हा खोल्याखोल्यांतून गुडघे कडकड वाजलेले ऐकू यायचे. बायका तव्यावर एरंडाची पानं गरम करून शेकायच्या, आंबेहळद उगाळून लावायच्या, कमरेला जुन्या धोतराचा पट्टा करकचून बांधायच्या. आणि एवढं करून भागलं नाही की मग माझा पाय.

कारखान्याचा दवाखाना होता, डॉक्टर होते, औषध फुकट होतं. पण तिकडं कुणी जायचं नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, चार दिवस आराम, नाहीतर हलकं काम. ती चिठ्ठी मुकादमाच्या हातात गेली की माणसाच्या नावापुढं 'म्हातारा' हा शब्द लागायचा. मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही गाड्या वेळेवर भरून द्यायच्या होत्या. माझ्या पायाची चिठ्ठी होत नव्हती. ओट्यावरून उठलं, पटका झटकला आणि कामावर गेलं. म्हणून तर माझ्या दारात गर्दी. तेव्हा मला वाटायचं, माझ्या गुणामुळं आहे.

मी सांगते आहे ते बहात्तरच्या दुष्काळातलं. पाऊस झालाच नाही. आमच्या पारनेरच्या बाजूनं आणि आणखी कुठून कुठून माणसं कारखान्यावर आली. गेटासमोर लिंबाखाली सकाळपासून उकिडवी बसलेली असायची. सगळी तरणी. ती भीक मागत नव्हती, आरडाओरडा करत नव्हती. आत जाणाऱ्या हमालांच्या चालीकडं नुसती बघत बसायची. कोण लंगडतो, कोण कमरेवर हात ठेवतो, कोण दम खायला थांबतो. मला ते बघणं सहन व्हायचं नाही. त्यांच्यात माझ्या माहेरगावची माणसंही होती, मला 'आक्का' म्हणणारी. त्यांचं पोट आणि आमचं पोट एकाच पोत्याखाली आलं होतं. आमची माणसं गेटापर्यंत ताठ मानेनं जायची आणि आत गोदामाच्या सावलीत गेली की वाकायची.

आमच्या ह्यांचं वय तेव्हा शेचाळीस. चारचौघांत कमी बोलणारा माणूस, पण घरात मला चिडवायची एक संधी सोडायचे नाहीत. मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. "काय डॉक्टरीणबाई, आज किती पेशंट तुडवलं?" मी लाटणं उगारायची. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघं आणि माझी सासू. इतकी वर्षं पोती वाहूनही ह्यांची पाठ दारासारखी सरळ होती. मला त्या पाठीचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. आणि त्या पाठीला माझा पाय कधी लागला नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती, गाळप जोरात होतं. ह्यांचा जोडीदार शेजारच्याच खोलीत राहायचा. ह्यांच्या पाठीवर पोतं लावणारा तोच. ह्यांना दादा म्हणायचा. एका सकाळी नळावर त्यानं मला गाठलं.

"वहिनी, सांगू नगा मी बोललो म्हून. पन दादा फळीवर मधीच थांबतुया."

"थांबतुया म्हंजी?"

"पोतं पाठीवर घिऊन हुबा ऱ्हातो. घटकाभर. मग चढतो. मी मागनं बघतो, तर मानंवरनं घामाची धार."

जेवताना मी सरळ विचारलं. हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "उसण भरली आसंल. हितं, दोन खांद्यांच्या मधी. पोतं टाकून बसलं की जाती."

"मग उद्या सकाळी पडा माझ्यापुढं."

सासूच्या हातातला तांब्या जमिनीवर आदळला. "बायकूचा पाय नवऱ्याच्या पाठीला? तुझ्या म्हायेरात चालत आसंल! जल्माचं पाप घेती का गं?"

हेही म्हणाले, "नगं बाई. लोक काय म्हनतील."

झालं. मला 'नको' म्हटलं की माझ्या अंगात येतं. सगळ्या गावाला माझा पाय चालतो आणि घरच्या माणसाला चालत नाही म्हणजे काय? त्यांनी उसण घेऊन फळीवर मरायचं आणि मी ओट्यावर परक्यांच्या पाठी तुडवायच्या? मी भांडले. दोन दिवस चूल पेटवली नाही. सासू शेजारणीकडून भाकरी आणून लेकाला वाढायची आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात देवाला हाक मारायची. मी भांडी आपटून उत्तर द्यायची. आठ दिवस घरात हे चाललं, आणि त्या आठ दिवसांत त्या दुखण्याचा विचार कुणीच केला नाही. भांडण सगळं पायाचं होतं.

शेवटी सासूच नमली. लेकाचा चेहरा तिलाही दिसत होता. तिनं तोड काढली. धुतलेलं फडकं माझ्या पायाला गुंडाळायचं, म्हणजे पाय लागला असं होत नाही. आणि झाल्यावर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, म्हणजे फिटलं.

पहिल्या वेळी हे ओट्यावर नाही, खोलीच्या आत, दार लोटून पालथे पडले. सासू भिंतीकडं तोंड करून बसली. मी पाय टेकवला आणि मला एक गोष्ट जाणवली. ती तेव्हाच बोलायला हवी होती. पाठ गार होती. थंडीच्या दिवसांतली सकाळ, अंगावर सदरा नाही, तरी ती ओली होती. फडक्यातून माझ्या तळव्याला ओल लागली. एवढ्या पाठी मी तुडवल्या, उसण भरलेली पाठ तापलेली असते, लाकडासारखी ताठलेली असते. ही पाठ मऊ होती, गार होती. माझ्या जिभेवर आलंच होतं, "अहो, तुम्हाला नक्की कुठं दुखतंय?" पण बोलायचं नसतं. मी ओठ मिटून तीनदा पाय फिरवला.

थोडा वेळ पडून राहून हे उठले, खांदे हलवून पाहिले आणि म्हणाले, "गेली की गं!"

काय सांगू तुम्हाला! मी सासूकडं असं बघितलं की बस. फडकं सोडलं, ह्यांच्या पाया पडले, आणि चहात त्या दिवशी दुप्पट साखर घातली. हे मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, गुण हाय खरा." तेवढ्यासाठी तर मी आठ दिवस भांडले होते.

मग ते आठवड्याला एकदा पडायला लागले. मग दोनदा. प्रत्येक वेळी उसण जायची. संक्रांतीच्या आसपास तर दिवसाआड. मी मनात म्हणायची, हट्टी उसण आहे, पण माझ्यापेक्षा जास्त हट्टी नाही.

दुखणं फिरत होतं. एक दिवस खालच्या जबड्यात कळ आली. दाढ किडली म्हणून लवंग धरली. डाव्या हाताला मुंग्या यायच्या. पोतं त्या बाजूला झुकतं म्हणून असेल. छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. गॅस धरला म्हणून सासूनं ओवा-मीठ दिलं. घाम यायचा. गोदामात हवा नाही, येणारच. राहात्याच्या बाजाराला आम्ही दर आठवड्याला चालत जायचो. त्या दिवसांत एका बाजाराला हे वाटेत तीनदा बसले. मी म्हणाले, "काय हो, म्हातारं झालात का?" हा शब्द मी बोलले. चाळीतल्या सगळ्या बायका जो शब्द नवऱ्याच्या कानावर पडू देत नव्हत्या, तो मी भर रस्त्यात, हसत हसत बोलले. ते लगेच उठले आणि बाजारापर्यंत कुठं थांबले नाहीत. प्रत्येक दुखण्याला आम्ही वेगळं नाव दिलं, वेगळं औषध दिलं, म्हणून ही सगळी मिळून एकच आहेत हे घरात कुणाला दिसलं नाही.

एका माणसाला दिसलं होतं. सासूच्या डोळ्यांसाठी थेंब आणायला मी कारखान्याच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. बाटली हातात देताना म्हणाले, "बाई, तुमच्याकडं सकाळी रांग असते म्हणे. माझ्याकडं तर माशासुद्धा येत नाहीत."

मी फुगलेच. "आमच्याकडं गुण येतो, साहेब."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "तुमच्या मालकांना एकदा पाठवा. परवा मी त्यांना रस्त्यात पाहिलं. छातीवर हात ठेवून उभे होते."

"छातीवर न्हाई, साहेब. पाठीत हाय त्यांच्या. उसण हाय. मी उतरवती."

"कुठं दुखतं, कधी दुखतं, हे विचारलंत का त्यांना?"

"आमच्यात विचारायचं नसतं."

डॉक्टर म्हणाले, "मला विचारायचं असतं. पाठवा त्यांना. चिठ्ठी देणार नाही, कुणाला कळणार नाही. नुसतं तपासतो."

मी "बरं" म्हटलं आणि घरी आले. आणि घरी मी हे सांगितलं नाही. सासूला नाही, ह्यांना नाही, जोडीदाराला नाही. का, हे मी स्वतःला इतक्या वर्षांत इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तर पाठ झालं आहे. आठ दिवस भांडून, चूल बंद ठेवून मी माझा पाय ह्यांच्या पाठीला लावायचा हक्क मिळवला होता. आता मीच म्हणायचं, की माझ्या पायानं भागत नाही, डॉक्टरकडं जा? सासूपुढं? माझी जीभ कधी कुणाला भ्यायली नाही, पण तेवढं एक वाक्य तिच्यानं उचललं गेलं नाही. आज सांगते, लाज वाटते. पण सांगते.

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले. गेटासमोरची गर्दी वाढत होती. टोळीतला एक जण खरोखरच कमरेत वाकला, दोन दिवस आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी आला तर त्याच्या जागी एक तरणा गडी पोतं वाहत होता. ह्यांनी ते घरी येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ स्वतःचे हात उलटसुलट करून बघत बसले.

ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. हे तोंड न धुताच पालथे पडले. मी फडकं गुंडाळलं, पाय फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. एरवी थोड्या वेळानं ते मान हलवायचे, म्हणजे गेली. त्या दिवशी मान हलेना. डाव्या हाताची मूठ वळलेली होती, बोटं पांढरी पडलेली. मी वाट बघितली. सासूनं भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. बाहेरून मुकादमाची हाक आली, "अवो, चला लवकर! गाड्या लागल्यात!" खरं तर तो सगळ्या चाळीलाच हाक मारत होता, पण मला वाटलं, आमच्याच दाराशी येऊन तो थांबला आहे आणि मोजतो आहे की हा माणूस उठायला किती वेळ लावतो.

मी वाकून कानाशी म्हणाले, "गेली का? उठताय ना?"

त्यांनी डोळे उघडले. जरा वेळानं मान हलवली. मी हाताला धरून त्यांना बसतं केलं. चहा दिला, तो अर्धा प्याले. दारात पायात वहाणा घालताना ते भिंतीला टेकले. म्हणाले, "आज चिडवली न्हाई तुला, न्हाई का?" मी म्हणाले, "आल्यावर चिडवा." आणि ते गेले. गेटापर्यंत ताठ गेले असणार.

ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं तेव्हा जोडीदार पळत आला. त्याच्या अंगावर साखरेची पांढरी पूड होती आणि त्यात घामाचे ओघळ. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मी म्हणाले, "पडले का?"

"न्हाई वहिनी. पडलं न्हाईत. पोतं खाली ठिवलं. नीट ठिवलं, उभं. आन् त्याच्या बाजूला बसले. मला वाटलं, दम खात्यात."

दवाखान्यात त्यांना बाकावर निजवलं होतं. उताणं. किती दिवसांनी मी त्यांना असं दिवसाउजेडी उताणं पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, दुखण्याची खूण नव्हती. सासू जी रडायला लागली ती तिला कुणी आवरू शकेना. मला रडू आलं नाही. मी डॉक्टरांपुढं उभी राहिले आणि विचारलं, कारण आता विचारायला मला कुणाची बंदी नव्हती.

"साहेब, उसण छातीत गेली का?"

"उसण नव्हतीच, बाई. काळजाचं दुखणं होतं. पाठीतून, जबड्यातून, हातातून दुखत होतं ते काळीजच."

"पन माझा पाय लागला की बरं वाटायचं. दर वेळी. खोटं सांगत न्हाई मी."

ते औषधाच्या कपाटाकडं गेले, परत आले. मी हटले नाही. मला माहीत करून घ्यायचंच होतं. मी पुन्हा विचारलं, "मग बरं का वाटायचं?"

"पालथे पडून राहायचे ना थोडा वेळ?" ते हळू म्हणाले. "त्यानं वाटायचं. असं दुखणं आराम मिळाला की थांबतं. पायाचा गुण नव्हता तो. पडून राहण्याचा होता."

तिथंच मी खाली बसले. दर वेळी ते पडायचे, दुखणं थांबायचं, आणि थांबल्याबरोबर मी त्यांना उठवून कामावर पाठवायची. औषध घरात होतं. फुकट होतं. त्याला पायाळू लागत नव्हती.

दहावं-तेरावं झालं. सासू येईल-जाईल त्याला सांगायची, बायकोचा पाय लागला म्हणून माझा लेक गेला. चाळ तिच्या बाजूनं होती, आणि मी, जिनं आयुष्यात एक बोल ऐकून घेतला नाही, ती ते ऐकत बसायची. खरं सांगू? पापानं गेले असते तर मला बरं वाटलं असतं. पाप देवाच्या हातचं. पण मला खरं काय ते ठाऊक होतं, आणि ते मी सासूला कधीच सांगू शकले नाही.

सकाळी ओट्यावर माणसं येतच होती. पहिल्या दिवशी एक आला, त्याला मी शिव्या घालून हाकलला. दुसरा आला, त्याच्यावर पाण्याची कळशी ओतली. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. पारनेरला परत जावं असं मनात होतं, पण तिकडं होतं काय? विहिरींना पाणी नव्हतं आणि भाऊच गेटासमोर लिंबाखाली येऊन बसला होता.

होळीच्या आधी एक दिवस जोडीदार आला. एकटा नाही, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. कमरेत असा वाकला होता की तोंड जमिनीकडं. मागं मुकादम.

"वहिनी," मुकादम म्हणाला, "जुनं इसरा. एकडाव पाय लावा याला. आज गाड्या हायती, मानूस कमी हाय. अर्ध्या तासात उभा करा."

जोडीदाराची बायको माझ्याकडं बघत होती. त्या सकाळी मीही कुणाकडं तरी तसंच बघितलं असतं, बघायला कुणी असतं तर.

मी म्हणाले, "पड."

तो ओट्यावर पालथा झाला. मी पाय ठेवला आणि बोलायला लागले. बायको दचकली, मुकादमाचं तोंड उघडं राहिलं. मी विचारलं, "कुटं दुखतंय? छातीत येतंय का? घाम सुटतो का? हाताला मुंग्या? जबडा?" तो घाबरून एकेकाला नाही म्हणत गेला. कमरेतच होतं, खाली मांडीत उतरत होतं. खरी उसण होती. मी तीनदा पाय फिरवला आणि बाजूला झाले.

"उठू का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. आता पडून ऱ्हायचं. मी सांगंस्तवर."

"ह्यो कुटला नेम?" मुकादम म्हणाला.

"पायाळूचा नेम हाय," मी म्हणाले. "पाय लागला की दिस मावळूस्तवर उठायचं न्हाई. उठला तर उसण काळजात जाती. आमच्या घरात कशी गेली, बघितली ना तुमी?"

मुकादमाचा चेहरा उतरला. डॉक्टरच्या चिठ्ठीला त्यानं कधी किंमत दिली नव्हती, पण ह्याला भ्याला. मी ते बघून घेतलं. खोटं बोलले मी, साफ खोटं, आणि मला त्याची अजूनही लाज नाही. तो दोनदा परत आला, एकदा ओरडत, एकदा हात जोडून. दोन्ही वेळा मी दारात लाटणं घेऊन उभी होते. "तुझ्या टोळीला सांग," मी म्हणाले, "ज्याला माझा पाय पायजे, त्यानं दिसभर पडायच्या तयारीनं यायचं."

जोडीदार पहिल्यांदा नुसता तळमळत होता. सारखी मान उचलून गेटाकडं बघायचा. मग ऊन वर आलं, मी त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं, आणि तो झोपला. भर दिवसा, तोंड उघडं टाकून, घोरत झोपला. त्याची बायको त्याच्या उशाशी बसली होती. हळूच मला म्हणाली, "आक्का, लगीन झाल्यापासनं दिसाचं झोपल्यालं मी ह्यांना पयल्यांदा बघती."

मी आत जाऊन चुलीपुढं बसले. आमच्या ह्यांना मी तसं एकदाही पाहिलं नव्हतं. कितीतरी सकाळी ते माझ्या घरात, माझ्या पायाखाली पालथे पडले, आणि एकदाही मी त्यांना झोप लागेपर्यंत पडू दिलं नाही.